ताळा जुळत नाही, किंवा जुळूनही उत्तर चुकतं: एकसामयिक समीकरणांची उकल कशी तपासायची

दहावीच्या गणित भाग १ चा पहिलाच पाठ दोन चलांतील रेषीय समीकरणांचा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि पोळ्यापर्यंत हा पाठ साधारण आटोपलेलाही असतो. तरी मार्चच्या पेपरपर्यंत एकच अडचण वारंवार येत राहते. ताळा जुळला नाही की मुलं अख्खं गणित खोडरबरने पुसतात आणि पहिल्या ओळीपासून सोडवतात. बहुतेक वेळा तीच चूक त्याच ओळीत परत होते. ताळा जुळला तर पेन खाली ठेवतात, आणि तरीही कधीकधी मार्क जातात.

दोन्हीकडे बिघाड एकाच ठिकाणी आहे. ताळ्याला फक्त ‘बरोबर की चूक’ एवढंच विचारलं जातं. ताळ्यात जो फरक येतो त्या आकड्याकडे कुणी बघत नाही. तो आकडा वाचता आला तर चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे अनेकदा थेट सांगता येतं, आणि गणित पुसायची गरज पडत नाही. शिकवणी नाही, विचारायला जवळ कुणी नाही, अशा मुलाला याचा सगळ्यांत जास्त उपयोग आहे.

(पुस्तकात चलांना एक्स आणि वाय म्हटलेलं असतं. इथे क्ष आणि य लिहिलं आहे, बाकी सगळं तेच.)

ताळा कुठे घ्यायचा

मूळ समीकरणांत. म्हणजे प्रश्नपत्रिकेत जशी छापली आहेत तशीच्या तशी. छेद काढून टाकलेल्या, बाजू बदललेल्या किंवा कशाने तरी गुणलेल्या समीकरणात नाही. हे उदाहरण बघा:

क्ष/२ + य/३ = ४
क्ष − य = −२

पहिल्याला ६ ने गुणताना उजवीकडचा ४ तसाच राहून गेला आणि ३क्ष + २य = ४ असं लिहिलं गेलं, असं समजा. पुढची आकडेमोड अगदी बिनचूक केली तर क्ष = ०, य = २ येतं. आता ताळा ३क्ष + २य = ४ मध्ये घेतला तर ० + ४ = ४, जुळला. दुसऱ्यात ० − २ = −२, तोही जुळला. विद्यार्थी खूश. पण मूळ समीकरणात ० + २/३ म्हणजे २/३ येतं, ४ नाही. खरं समीकरण ३क्ष + २य = २४ आणि खरी उकल (४, ६). चुकीच्या ओळीतच ताळा घेतला तर ती ओळ स्वतःची चूक कधीच दाखवणार नाही.

दुसरी गोष्ट, ताळा दोन्ही समीकरणांत घ्यायचा. ‘एकात जुळलं म्हणजे झालं’ हा समज फार पसरलेला आहे. १२ एकर वावरात क्ष एकर पऱ्हाटी आणि य एकर तूर, तर क्ष + य = १२. या एकट्या समीकरणात (७, ५) बसतं, (१०, २) बसतं, (६.५, ५.५) सुद्धा बसतं. आलेखावर ही एक अख्खी रेषा आहे आणि तिच्यावरचा प्रत्येक बिंदू ताळ्यात पास होतो. उकल म्हणजे दोन्ही रेषांवर असलेला बिंदू, म्हणून दोघींनाही विचारावं लागतं.

तिसरी गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण सगळ्यांत जास्त घोटाळे तिथेच होतात. किंमत घालताना कंस लिहा. ३क्ष − २य मध्ये (४, −२) घालायचं असेल तर आधी ३( ) − २( ) असे रिकामे कंस काढा आणि मग त्यात आकडे भरा: ३(४) − २(−२) = १२ + ४ = १६. कंस न लिहिणाऱ्याच्या वहीत हीच ओळ ‘१२ − २ − २’ अशी दिसते आणि उत्तर ८ येतं. उकल बरोबर असूनही ताळा चुकतो, आणि मग चांगलं सोडवलेलं गणित पुसलं जातं. म्हणून ताळा जुळला नाही तर पहिला संशय ताळ्याच्याच ओळीवर घ्या.

फरक वाचायचा कसा

फरक म्हणजे डावी बाजू वजा उजवी बाजू. हे गणित धरून चालू:

३क्ष − २य = १६ ... (१)
५क्ष + ४य = १२ ... (२)

(१) ला २ ने गुणून (२) मध्ये मिळवलं की ११क्ष = ४४, क्ष = ४. ही किंमत (१) मध्ये घातली की य = −२. ज्या समीकरणात किंमत घालून दुसरं चल काढलं त्याला ‘वापरलेलं’ म्हणू (इथे पहिलं) आणि दुसऱ्याला ‘उरलेलं’. कोणतं वापरलं हे वहीत लिहून ठेवायची सवय लावा, कारण पुढचा सगळा तपास त्यावर उभा आहे.

वापरलेलं समीकरणच जुळत नसेल, तर चूक अगदी शेवटच्या टप्प्यात आहे: क्ष ची किंमत घातली आणि य काढला, तिथेच. लोप करण्याच्या, म्हणजे एक चल घालवण्याच्या, ओळींकडे अजून जायचं नाही. वापरलेलं जुळतं पण उरलेलं जुळत नाही, असं असेल तर शेवटचा टप्पा ठीक आहे आणि चूक त्याआधी, गुणताना किंवा मिळवता-वजा करताना झाली आहे. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धं पान तपासायचं वाचतं.

आता फरकाचा आकडा. समजा उत्तर (४, २) आलं. (१) मध्ये १२ − ४ = ८, हवे होते १६, फरक −८. (२) मध्ये २० + ८ = २८, हवे होते १२, फरक +१६. वापरलेलं समीकरणच जुळलेलं नाही, म्हणजे चूक शेवटच्या टप्प्यात. आता दोन्ही फरकांना त्या त्या समीकरणातल्या य च्या सहगुणकाने (य ला गुणणाऱ्या संख्येने) भागा: −८ ÷ −२ = ४ आणि १६ ÷ ४ = ४. दोन्हीकडे तीच संख्या आली. याचा अर्थ क्ष बरोबर आहे, फक्त य चुकलेला आहे आणि तो खऱ्या किमतीपेक्षा ४ ने जास्त आहे. २ मधून ४ गेले की −२, उकल मिळाली. चूक आपल्या उत्तराच्या बरोबर दुप्पट असेल तर चिन्ह उलटं पडलेलं असतं. इथे −२य = ४ या ओळीतलं वजा चिन्ह पुढच्या ओळीत उतरवायचं राहिलं.

असंच क्ष च्या सहगुणकांनी भागून बघायचं. तिथे दोन्ही भागाकार सारखे आले तर य बरोबर आणि क्ष चुकलेला. दोन्हीकडे सारखे आले नाहीत तर दोन्ही किमती बिघडलेल्या आहेत. ही युक्ती वर्गात फारशी सांगितली जात नाही. सांगायला हवी, कारण एका मिनिटात होते आणि तिच्यासाठी नवीन काही शिकावं लागत नाही.

दुसरा प्रकार. (१) ला २ ने गुणताना उजवी बाजू गुणायची राहिली, म्हणजे ६क्ष − ४य = १६ लिहिलं. मिळवल्यावर ११क्ष = २८, क्ष = २८/११, आणि (१) मध्ये घालून य = −४६/११. असे अपूर्णांक दिसले की मुलं घाबरतात. अपूर्णांक आला म्हणजे चूकच झाली असं मुळीच नाही, शांतपणे ताळा घ्या. (१) जुळतं. (२) मध्ये १४०/११ − १८४/११ = −४४/११ = −४, हवे होते १२. फरक −१६. आणि गुणायचं राहिलेलं स्थिर पद (ज्यात चल नाही तो आकडा) कोणतं होतं? १६. गुणून ३२ व्हायचे होते, १६ च राहिले, म्हणजे १६ कमी पडले, आणि तेवढाच फरक ताळ्यात आला. हा योगायोग नाही. लोप करताना स्थिर पदात जेवढी चूक होते तेवढाच फरक उरलेल्या समीकरणात उमटतो. उरलेल्या समीकरणालाही कशाने गुणलं असेल, तर फरक त्या संख्येने भागून येतो.

वजाबाकीतली नेहमीची चूक अशीच पकडता येते. ७क्ष + ३य = २७ मधून ४क्ष + ३य = १८ वजा करताना डावीकडची दोन चिन्हं बदलली, उजवीकडचं राहिलं, तर ३क्ष = ४५, क्ष = १५. ४क्ष + ३य = १८ मध्ये घालून य = −१४. उरलेल्या समीकरणात १०५ − ४२ = ६३, हवे होते २७, फरक ३६. म्हणजे १८ ची दुप्पट. फरक एखाद्या स्थिर पदाच्या दुप्पट आला की त्या पदाचं चिन्ह आधी बघा. (खरी उकल ३, २.) चूक सहगुणकात असेल, म्हणजे ११क्ष च्या जागी १०क्ष लिहिलं असेल, तर फरक इतका सरळ बोलत नाही. तेव्हा लोपाच्या दोन-तीन ओळी डोळ्यांनीच तपासाव्या लागतात. पण निदान कोणत्या ओळी बघायच्या हे तरी ठरलेलं असतं.

क्रेमरच्या पद्धतीत, म्हणजे १७५० मध्ये स्विस गणिती गॅब्रिएल क्रेमर यांनी मांडलेल्या निश्चयकांच्या रीतीत, दोन चुका जवळपास ठरलेल्या आहेत. ३क्ष + २य − १२ = ० आणि ५क्ष − य − ७ = ० अशी समीकरणं दिली असतील, तर १२ आणि ७ उजवीकडे नेऊनच निश्चयक मांडायचे. ते −१२ आणि −७ असेच उचलले तर (२, ३) ऐवजी (−२, −३) येतं. ताळ्यात डाव्या बाजू −२४ आणि −१४ येतात, दोन्ही स्थिर पदांच्या दुप्पट. दोन्ही समीकरणांत एकाच वेळी असं झालं की समजा, दोन्ही किमतींची फक्त चिन्हं बदलायची आहेत. दुसरी चूक म्हणजे क्ष आणि य चे निश्चयक एकमेकांच्या जागी जाणं. ताळा जुळत नसेल तर (३, २) ऐवजी (२, ३) अशी अदलाबदल करून एकदा बघून घ्या, अर्धा मिनिट लागतो.

ताळा जुळला, तरी उत्तर चूक

शाब्दिक उदाहरणांत हे फार होतं, आणि इथे समीकरण सोडवणाऱ्याचा दोष नसतो, मांडणाऱ्याचा असतो. आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. २०:२०:०:१३ या खताची क्ष पोती आणि डीएपी खताची य पोती, प्रत्येक पोतं ५० किलोचं. सगळं मिळून ४८ किलो नत्र आणि ७६ किलो स्फुरद मिळालं. कोणत्या खताची किती पोती?

डीएपीवर १८:४६ लिहिलेलं असतं म्हणून मुलं सरळ मांडतात: २०क्ष + १८य = ४८ आणि २०क्ष + ४६य = ७६. वजा करून २८य = २८, य = १, क्ष = १.५. ताळा: ३० + १८ = ४८, ३० + ४६ = ७६. दोन्ही जुळले आणि उत्तर साफ चूक. पोत्यावरचे आकडे टक्के आहेत (पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा), १०० किलो खतामागचे. ५० किलोच्या पोत्यात त्याच्या निम्मे: २०:२०:०:१३ मध्ये १० किलो नत्र व १० किलो स्फुरद, डीएपीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद. खरी समीकरणं १०क्ष + ९य = ४८ आणि १०क्ष + २३य = ७६, उकल (३, २).

म्हणून शाब्दिक उदाहरणात ताळा समीकरणाशी नाही, प्रश्नातल्या वाक्यांशी घ्यायचा. दीड पोतं म्हणजे ७५ किलो, त्यात २० टक्के म्हणजे १५ किलो नत्र. डीएपीचं एक पोतं, त्यात ९ किलो. एकूण २४. प्रश्न म्हणतो ४८. चूक लगेच उघडी पडते, आणि निम्मंच आलं यावरून कारणही कळतं. युरिया आला तर आणखी जपा: युरियाचं पोतं आता ४५ किलोचं असतं, त्यात ४६ टक्के म्हणजे २०.७ किलो नत्र. ५० किलो धरून २३ मांडलं तर समीकरण जुळेल, वावरात नत्र कमी पडेल. क्विंटल आणि किलो, रुपये आणि पैसे, तास आणि मिनिटं, सगळीकडे हाच सापळा आहे.

जिथे चलं छेदात आहेत तिथे वेगळीच गफलत होते. ६/क्ष + ४/य = ४ आणि ९/क्ष − २/य = २ सोडवताना १/क्ष = म आणि १/य = न धरतात. म = १/३, न = १/२ येतं, त्या नव्या समीकरणांत ताळाही जुळतो, आणि विद्यार्थी उत्तर (१/३, १/२) लिहून मोकळा होतो. मूळ समीकरणात १/३ घालून बघितलं तर ६ ÷ १/३ = १८, ४ ÷ १/२ = ८, बेरीज २६. उत्तर (३, २) हवं: २ + २ = ४, ३ − १ = २.

दोघांची दोन उत्तरं, आणि दोन्ही जुळतात?

२क्ष − ३य = ५ आणि ४क्ष − ६य = १० यात एकाने (४, १) काढलं, दुसऱ्याने (१, −१). दोन्ही बसतात. कारण दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे. रेषा एकच, उकली अगणित. उजवीकडे १० च्या जागी ७ असता तर रेषा समांतर झाल्या असत्या आणि कोणतीच जोडी दोन्हीकडे बसली नसती. अशा गणितात ताळा जुळेपर्यंत पानं भरत बसण्यात अर्थ नाही.

हे आधीच ओळखायला तिरकस गुणाकार पुरतो: पहिल्यातला क्ष चा सहगुणक गुणिले दुसऱ्यातला य चा, आणि दुसऱ्यातला क्ष चा गुणिले पहिल्यातला य चा. इथे २ × (−६) = −१२ आणि ४ × (−३) = −१२, सारखे, म्हणून सावध. मघाच्या (१) आणि (२) मध्ये ३ × ४ = १२ आणि ५ × (−२) = −१०, वेगळे. वेगळे आले की उकल एक आणि एकच असते. हे फार कामाचं आहे. तिरकस गुणाकार वेगळे आहेत आणि तुमची जोडी दोन्ही मूळ समीकरणांत बसते, तर गाईडमध्ये काहीही छापलेलं असो किंवा ग्रुपवर कुणीही फोटो टाकलेला असो, तुमचं उत्तर बरोबर आहे. छपाईत चुका होतात. तिथे स्वतःचं बरोबर उत्तर खोडू नका.

दशांश आणि मोजमाप

उत्तर दशांशात गोल केलं की ताळ्यात थोडा फरक येणारच. १/३ क्विंटलऐवजी ०.३३ लिहिलं आणि भाव ७००० रुपये क्विंटल धरला, तर २३३३.३३ च्या जागी २३१० येतात. २३ रुपयांचा हा फरक चुकीचा नाही, गोल केल्याचा आहे. दोन दशांश स्थळांपर्यंत गोल केलं असेल तर प्रत्येक चलामागे सहगुणक × ०.००५ एवढा फरक चालतो, इथे ३५ रुपयांपर्यंत. त्याहून मोठा आला तर शोधा. शक्यतो अपूर्णांकातच ताळा घ्या, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. आलेखावरून वाचलेल्या छेदनबिंदूलाही हाच न्याय, फक्त तिथे वाचनातच ०.१ इकडेतिकडे होतं.

फरक लहान आहे म्हणून उत्तर जवळपास बरोबर, असं मात्र धरू नका. क्ष + य = २ आणि क्ष + १.०१य = २.०१ यात (२, ०) घाला: पहिलं अचूक जुळतं, दुसऱ्यात फरक फक्त ०.०१. खरी उकल मात्र (१, १). दोन रेषा जवळजवळ समांतर असल्या की असंच होतं.

वजनकाट्यावर याची गाठ प्रत्यक्ष पडते. सोयाबीनचं पोतं क्ष किलो, तुरीचं य किलो. ट्रॉलीचं वजन वजा करून २० पोती सोयाबीन व २० पोती तूर भरली २२०० किलो. मग सोयाबीनचं एक पोतं वाढवून २१ आणि २० ची खेप २२६० किलो. उकल (६०, ५०). दुसऱ्या खेपेला काट्याने १० किलो जास्त, २२७० दाखवले, तर उकल (७०, ४०) होते. आणि ताळा? १४०० + ८०० = २२००, १४७० + ८०० = २२७०, काटेकोर जुळतो. आकडेमोडीत चूक नाहीच, ताळा दाखवणार तरी काय? दुसरी खेप ३० सोयाबीन व १० तूर अशी घ्यायची. खरं वजन २३००, काट्याने तसेच १० जास्त म्हणजे २३१० दाखवले तरी उकल (६०.५, ४९.५) येते. काट्याची चूक तेवढीच, पण पोत्यामागे १० किलोंऐवजी अर्धा किलो. समीकरणं स्वतः मोजून मांडायची असतील तर दोन खेपांतलं प्रमाण असं ठळक वेगळं ठेवा.